मदत हवी आहे: अंगणात २० बाय १५ फुटांचा मांडव घरीच घालायचा आहे

प्रश्न
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीजवळ घरच्या अंगणात बारसं आहे. संध्याकाळचा कार्यक्रम, चाळीसेक माणसं. अंगण २० बाय १५ फूट. तीन बाजूंना माती आहे, पण घराकडची २० फुटी बाजू फरशीची, तिथे खणता येणार नाही. बांबू वाडीतले आहेत, ताडपत्री आणायची आहे. केवढी घ्यावी? परतीच्या पावसात मांडव टिकेल असा कसा बांधावा?

प्रतिसाद १
ताडपत्री १८ बाय २४ फूट, २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्या. छप्पर सपाट ठेवू नका. मधे आढं (छपराचा सगळ्यात वरचा आडवा बांबू) १० फुटांवर, दोन्ही कडा साडेसात फुटांवर, म्हणजे ३ फुटांना १ फूट उतार. उतारावरून मोजलं तर एका बाजूचं छप्पर जवळजवळ ८ फूट भरतं, त्यामुळे दोन्हीकडे फूटभर वळचण सुटते.

मेढी (उभे खांब) ९ लागतील, दर १० फुटांवर एक: मधल्या ओळीत ३, कडांना ३-३. मातीत दीड फूट पुरायच्या, म्हणून मधल्या साडेअकरा फुटी आणि कडेच्या ९ फुटी कापा. आडवे बांबू २२ फुटी सलग मिळाले नाहीत तर जोडताना ३ फूट एकावर एक घ्या आणि दोन ठिकाणी आवळा. आढ्यावरून कडेपर्यंत दर ५ फुटांवर ९ फुटी काठ्या टाका, एकूण १०. या काठ्या वाचवायला जाऊ नका. ताडपत्रीला झोळ पडला की पाणी साठतं. ४ बाय ४ फुटांच्या झोळात इंचभर पाणी म्हणजे ३८ किलो. वजनाने झोळ वाढतो, आणखी पाणी येतं आणि शेवटी आडवा बांबू मोडतो.

खिळे मारू नका, बांबू उभा चिरतो. काथ्या भिजवून घ्या, मऊ पडतो आणि घट्ट बसतो. मेढीवर आडवा बांबू बांधताना तो गाठीच्या लगेच वर टेकवा, गुळगुळीत पेरावर बांधलेला घसरतो. बांबूच्या कापलेल्या टोकांवर गोणपाट गुंडाळा, नाहीतर ताडपत्री तिथेच फाटते.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण मांडव वाऱ्याने खाली पडण्याआधी वर उचलला जातो. एवढ्या ताडपत्रीवर ताशी ४० किलोमीटरचा झोत शेकडो किलोंचा जोर लावू शकतो. तेव्हा खरा भार ताणाच्या दोरांवर. चारही कोपऱ्यांना दोन-दोन आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना एकेक, असे १० दोर. मेढ जेवढी उंच, तेवढ्याच अंतरावर खुंटी. ती अडीच फुटी घ्या, दीड फूट आत ठोका, डोकं मांडवापासून बाहेर कललेलं. दोर खुंटीला जमिनीलगत बांधा. ओली माती खुंटी सोडते, म्हणून प्रत्येक खुंटीमागे दुसरी ठोकून दोन्ही जोडून टाका. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, पाऊस आला की पुन्हा ताणावा लागेल.

ताडपत्रीच्या रिंगांवर विसंबू नका, त्या सुटून येतात. कडेपासून वीतभर आत सुपारीएवढा गोल खडा ताडपत्रीत गुंडाळा आणि त्याच्या मानेभोवती दोरी आवळा. ही गाठ फाटत नाही.

प्रश्नकर्ता
फरशीच्या बाजूला वाळू भरलेले तेलाचे डबे चालतील का?

प्रतिसाद २
मेढ उभी ठेवायला चालतील, उचल रोखायला नाही. १५ लिटरच्या डब्यात वाळू साधारण २४ किलोच मावते. त्या बाजूच्या मेढी पुरायच्या नाहीत, म्हणून साडेसात फुटीच कापा. ताणाचे दोर ओसरीच्या खांबांना बांधा. पन्हळीला किंवा पाण्याच्या पाइपला अजिबात नको.

प्रतिसाद ३
दोन गोष्टी राहिल्या. ३०० चौरस फुटांत चाळीस खुर्च्या बसतील, पण वाढपाची टेबलं ओसरीवर घ्या. शेगडी मांडवाखाली कधीच नको, प्लास्टिकची ताडपत्री वितळून जळते ठिबक टाकते. हॅलोजनही नको, एलईडीच लावा. वायरीचे जोड वळचणीपासून आत, डोक्याच्या वर ठेवा आणि जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. वारा शिट्टी घालायला लागला की माणसं ओसरीवर घ्या आणि वाऱ्याकडची ताडपत्री सोडून टाका. सांगाडा वाचतो.