बीच झकास, पण गाव कुठाय?

दांडियाबाजारकर:
मंडळी, दिवाळीत बडोद्याहून द्वारका आणि तिथनं शिवराजपूर बीच करून आलो. ब्ल्यू फ्लॅगवाला बीच, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, 2020 ला मिळालंय, वाळू स्वच्छ, कपडे बदलायला खोल्या, नावं ठेवायला जागा नाही. पण परत येताना बायको म्हणते, आपण नेमकं पाहिलं काय? ना कोणाच्या घरी जेवलो ना कोणाशी धड बोललो. उलट मार्चात कोकणात वेळासला सतरंजीवर झोपलो, कासवाची पिल्लं पहिल्या दिवशी दिसलीच नाहीत, तरी पोरं अजून त्याच्याच गप्पा मारतात. किनाऱ्याच्या सरकारी प्लॅनमध्ये संस्कृती म्हणजे नुसता स्टेजवरचा गरबा का?

सूरसागर_काठी:
ब्ल्यू फ्लॅगचे 33 निकष चार गटांत आहेत: पाणी, पर्यावरण व्यवस्थापन, पर्यावरण शिक्षण, सुरक्षितता. संस्कृतीचा गटच नाही. म्हणजे पेपरात तो प्रश्नच नव्हता, बीचला कशाला बोल लावता 😄 बाकी ओखामंडळ, म्हणजे हाच द्वारकेचा भाग, आपल्या बडोद्याच्या गायकवाडीतच होता आणि ओखा बंदर सयाजीरावांच्या काळात 1926 ला सुरू झालं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

माहेर_वेंगुर्ला:
स्टेजवरचं सोडा हो. आमच्याकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, दाखवतात, त्यातली चिपी कुठली, तिवर कुठलं, सगळं त्याच सांगतात. लहानपणापासून खाडीत वावरल्यात, ते पुस्तकातून येत नाही. मला विचाराल तर संस्कृती ती हीच. वेळासचंही तेच, पूर्वी कासवांची अंडी खाल्ली-विकली जायची, 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून घरटी राखायला घेतली, आता पाहुणे त्याच घरांत उतरतात आणि पैसा गावात राहतो.

रावपुरा_74:
ताई पटलं, पण होमस्टेच्या नावाखाली उद्या तीन मजली लॉज उठलं तर? सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या, 2019 च्या नियमात स्थानिकांना होमस्टे चालतो, पण घराच्या जोत्याचं क्षेत्रफळ, रचना, दर्शनी भाग न बदलता. नियम चांगलाय, बघणार कोण? आणि शनिवार-रविवारची गर्दी आली की विहिरीचं पाणी पहिलं गावकऱ्यांचंच संपतं.

माहेर_वेंगुर्ला:
म्हणून तर आधी फोन करून जा म्हणते. किती माणसं झेपतील ते घरवालीच सांगेल.

दांडियाबाजारकर:
बरं मग मार्चात आम्ही बाराजण, चार म्हातारे धरून. होडीत चढायला त्यांना जमेल का?

माहेर_वेंगुर्ला:
जमेल, हात धरतील त्या. फक्त भरतीची वेळ विचारून घ्या, ओहोटीला चिखल असतो.