अंदाजित नफ्यावरून तंत्रज्ञान कंपनीचा समभाग स्वस्त ठरवता येतो का?

प्रश्न:
अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांचा अभ्यास करताना मी समभागाच्या बाजारभावाला विश्लेषकांनी पुढील वर्षासाठी धरलेल्या ईपीएसने (प्रति समभाग नफ्याने) भागतो आणि येणाऱ्या पीईची (भाव नफ्याच्या किती पट, त्या गुणोत्तराची) इतर कंपन्यांशी तुलना करतो. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा पीई कधी कधी पाच-सहापर्यंत खाली दिसतो. असा समभाग स्वस्त समजावा का?

उत्तर १:
आपला भागाकार बरोबर आहे, पण भाजक भरवशाचा नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉन या अमेरिकी कंपनीला २०१८ च्या आर्थिक वर्षात १४.१ अब्ज डॉलर निव्वळ नफा झाला आणि ईपीएस ११.५१ डॉलर होता. मे २०१८ मध्ये ६० डॉलरच्या वर गेलेला समभाग डिसेंबरअखेर ३२ च्या आसपास आला, म्हणजे पीई तीनच्याही खाली गेला. मात्र मेमरीचे दर उतरू लागले होते आणि तो नफा टिकणार नाही, हे बाजाराने आधीच धरले होते. पुढच्या दोन वर्षांत नफा ६.३ आणि मग २.७ अब्जांवर आला. २०२३ मध्ये तर ५.८ अब्जांचा तोटा झाला. २०१८ ते २०२३ या सहा वर्षांची सरासरी काढली, तर वर्षाला जेमतेम ५.३ अब्ज येतात. ६० डॉलर भावाला कंपनीचे बाजारमूल्य (सर्व समभागांची एकूण किंमत) सुमारे ७० अब्ज होते. त्याला या सरासरीने भागल्यास पीई पाच नव्हे, तेरा निघतो. अशा धंद्यात मी एका वर्षाचा अंदाज कधीच वापरत नाही.

उत्तर २:
सरासरीचा मुद्दा मान्य आहे, पण ३२ डॉलरला घेणाऱ्याचे नुकसान झाले नाही, हेही सांगायला हवे. २०१९ मध्ये नफा निम्म्याहून कमी झाला, तरी वर्षअखेरीस भाव ५० च्या वर होता, कारण भाव अंदाजांच्या पुढे धावतो. म्हणून मी पीईपेक्षा, गेल्या तीन महिन्यांत विश्लेषकांनी अंदाज वाढवले की घटवले, हे आधी पाहतो. एनव्हिडिया या चिप कंपनीने मे २०२३ मध्ये पुढील तिमाहीसाठी ११ अब्ज डॉलर महसूल सांगितला, तेव्हा विश्लेषकांनी सुमारे ७ अब्ज धरले होते. आदल्या दिवशी महाग वाटणारा पीई प्रत्यक्षात जुन्या अंदाजांवर काढलेला होता.

उत्तर ३:
एक गोष्ट जरूर तपासा. संकेतस्थळांवर दिसणारा अंदाजित ईपीएस बहुधा समायोजित असतो, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च त्यातून वगळलेला असतो. मेमरी कंपन्यांत याने फारसा फरक पडत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत मात्र तो खर्च धरताच नफ्याचा तोटा झालेला मी अनेकदा पाहिला आहे.