टॅटू काढण्यासाठी क्यू-स्विच्ड लेसर पुरेसे आहे, की पिको लेसरसाठी जास्त पैसे मोजावेत?

नमस्कार. माझ्या पुतण्याच्या दंडावर टॅटू आहे: काळी अक्षरे, भोवती हिरवी वेल आणि एक लहानसे लाल फूल. सैन्यभरतीत कोपर ते मनगट हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू वगळता इतरत्र कायमस्वरूपी टॅटू चालत नाही (आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे, ती आम्हाला लागू नाही), त्यामुळे तो काढावाच लागेल. त्याचा वर्ण सावळा आहे.

दोन दवाखान्यांत चौकशी केली. एकाकडे क्यू-स्विच्ड एनडी-याग (नॅनोसेकंदांचे स्पंद सोडणारे, जुन्या पद्धतीचे लेसर) आहे, तर दुसऱ्याकडे पिको असून त्याच्या एका सिटिंगचा दर जवळजवळ अडीचपट आहे. माझ्या वाचनानुसार दोन्ही लेसर शाईचे कण फोडतात आणि ते हळूहळू वाहून नेण्याचे काम शरीरच करते, म्हणून दोन सिटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. महागड्या यंत्रानेही ही प्रतीक्षा टळत नाही. पिकोचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, नॅनोसेकंदाऐवजी त्याहून हजारपट लहान अशा पिकोसेकंदांत मोजला जातो, त्यामुळे कण अधिक बारीक फुटतात आणि सिटिंग कमी लागू शकतात, हे मान्य. परंतु कोणता रंग जाईल हे मुख्यतः तरंगलांबीवर अवलंबून असते. काळ्यासाठी १०६४ नॅनोमीटर उपयोगी पडते आणि त्वचेतील रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, ती कमी शोषत असल्याने सावळ्या त्वचेला ती तुलनेने सुरक्षितही आहे. लाल रंगाला ५३२ लागते, तर हिरव्याला ७५५ किंवा रुबी लेसरची ६९४. खोदून विचारल्यावर कळले की दुसऱ्या दवाखान्यातील पिको यंत्रातही १०६४ आणि ५३२ एवढ्याच तरंगलांब्या आहेत. मग वेलीसाठी अडीचपट पैसे कशाचे?

काळा भाग क्यू-स्विच्डने आणि केवळ वेल ७५५ च्या पिकोने अन्यत्र काढून घेणे व्यवहार्य ठरेल का? सावळ्या त्वचेवर ७५५ किंवा ५३२ वापरल्यानंतर कोणाला पांढरे वा काळे डाग पडले का, आणि ते किती काळाने गेले? दोन्हीकडे आगाऊ पॅकेजचा आग्रह आहे. किती सिटिंग लागतील हे डॉक्टरांनाच खात्रीने सांगता येत नसताना ते घेणे मला पटत नाही, तरीही कोणाचा अनुभव वेगळा असल्यास जरूर लिहावा. पुसटशी खूण राहिल्यास भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय होते, हे त्यातून गेलेल्यांनी सांगितल्यास खर्च कुठवर करायचा ते ठरवता येईल.