विषय: जुलैत कोल्हापूर, धबधब्याला कुठे जावं?

मंडळी, नमस्कार.

या वर्षी मुलांच्या सुट्टीत आम्ही जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोल्हापूरला असू. सासर राजारामपुरीत, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. मुलं बारा आणि पंधरा वर्षांची आहेत. गेल्या वर्षी हवाईतल्या कवाई बेटावर हनाकापिआईचा धबधबा करून आलो. आधी समुद्राकडेच्या कड्यावरून दोन मैल, मग दरीत आत आणखी दोन मैल, ओढा ओलांडत. मुलं बेहद्द खूश झाली. आता म्हणतात, आजोबांच्या गावाला पण डोंगर आहेत, तिथला धबधबा बघू. धाकट्याला आणखी एक शंका आहे, 'तिकडेही ज्वालामुखीच होता ना?'

नेटवर राऊतवाडी, बर्की, गगनबावडा अशी नावं दिसतात आणि प्रत्येक फोटोखाली 'स्वर्ग' लिहिलेलं असतं. जाणकारांनी सांगावं. गाडी भाड्यानं घेऊन मीच चालवावी म्हणतो.

— सॅन होजेकर जावई


जावईबापू,

मी अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर अजून आहे, पण निवृत्तीनंतर मुक्काम मंगळवार पेठेत. त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क माझाच.

आधी धाकट्याची शंका. होय, ज्वालामुखीच. पण कवाईसारखा एक मोठा डोंगर तोंड उघडून बसला होता, असं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात त्या याच. या थंड झालेल्या लाव्ह्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. कवाईचा दगडही तोच, वय मात्र पन्नास लाखांच्या आसपास. आपल्यापुढं कालचं पोर!

हे शाळेतलं वाटेल, पण धबधब्याखाली उभं राहायचं की नाही ते यावरूनच ठरतं. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा असतो. वरचा भाग भोकाभोकांचा, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, मातकट पट्टा. पाणी हा मऊ पट्टा आधी खातं. वरचा घट्ट दगड मग आधाराविना लोंबकळत राहतो आणि कधीतरी सुटतो. धबधब्यामागं जी पोकळी दिसते, जिथं सगळ्यांना फोटो काढायचा असतो, ती अशी झालेली आहे. तेव्हा वरून पडतं ते फक्त पाणीच असं समजू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. हनाकापिआईला तुम्ही ओढा ओलांडलात, तिथं फलक वाचले असतीलच. त्याच वाटेवर 2014 च्या एप्रिलमध्ये ओढा अचानक फुगून शंभराहून जास्त लोक पलीकडं अडकले होते. आपल्याकडं हेच होतं, फक्त फलक कमी. आपल्या घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी सपाट पठारं, आहेत. त्यावर माती थोडी, त्यामुळं पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्याला लागतो. तुम्ही खाली उन्हात उभे असता आणि वर सड्यावर ढग फुटलेला असतो. लोणावळ्याला भुशी धरणाजवळ 2024 च्या जूनअखेरीस एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही अशीच प्रवाहाच्या मध्ये उभी होती.

म्हणून खूण लक्षात ठेवा. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, की सामान न आवरता बाहेर. आणि बाहेर म्हणजे ज्या काठानं परत जायचं त्या काठाला. पलीकडच्या काठावर सुरक्षित बसून रात्र काढणारेही पाहिलेत.

आता तुमच्या तारखा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पुनर्वसू नक्षत्राचा, म्हणजे तरणा पाऊस, वीस तारखेच्या सुमाराला पुष्याचा, म्हणजे म्हातारा लागतो. नावाला म्हातारा, पण जोर पोराचा. 2019 आणि 2021 चे पूर विसरला नसाल. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. माणूस बटण दाबत नाही, पाण्याची पातळीच ते काम करते. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. गावात पहिला प्रश्न असतो, 'किती उघडले?' दुसरा, 'राजाराम बंधारा किती फुटांवर?', म्हणजे त्या बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ही बातमी बघून निघायचं, नाहीतर जाताना असलेला रस्ता येताना नसतो.

ठिकाणाचं म्हणाल तर जुलैत राऊतवाडी. राधानगरीच्या पुढं आहे, रस्त्यापासून फार चालावं लागत नाही, लांबून बघितला तरी डोळे भरतात. बर्की शाहूवाडी तालुक्यात, पायवाटेनं आत जावं लागतं, दरी खरी बघायची तर तीच. पण ती म्हाताऱ्या पावसात नको. गणपती झाल्यावर या, धबधबा वाहता असतो, आभाळ उघडलेलं असतं. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात बंद असतं, हेही मुलांना आधीच सांगा, गव्याचा हट्ट नको.

— मंगळवार पेठेतला काका


काका, एकदम नाद खुळा उत्तर! पण गगनबावडा का गाळला? घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की एका बाजूचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पार बंगालच्या उपसागराला, दुसऱ्या बाजूचं करूळ घाटातून खाली कोकणात, अरबी समुद्राला. पोरांना हे दाखवाच की! आणि पळसंब्याचं रामलिंगही जवळच आहे, ओढ्यातच कोरलेलं मंदिर. पाणी जास्त असलं तर काठावरूनच हात जोडायचे.

— न्यू जर्सीतला बावडेकर


गगनबावडा गाळला कारण धुक्यात रस्ता दिसत नाही, आणि जावईबापू उजव्या बाजूनं गाडी चालवून येणार! बाकी बावडेकर म्हणतो ते खरं. चालक बरोबर घ्या, घाटातला.

— काका


काका, बावडेकर, मला दोन शब्द बोलू द्या, माझं माहेर राधानगरीकडचं.

महागडे ट्रेकिंग बूट आणू नका. शेवाळलेल्या बेसॉल्टवर ते बर्फावर चालल्यासारखे घसरतात. आमच्याकडं शेतात घालतात ते प्लॅस्टिकचे बूट बाजारात स्वस्तात मिळतात, तेच बरे. पायाला जळू लागली तर ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. मुलांच्या पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) आपल्याकडंही होतो.

आणि जुलैत भाताची रोपलागण चालू असते. फोटोसाठी बांधावरून चालत गेलात की माती ढासळते आणि खाचरातलं पाणी जातं. ज्याचं शेत तो गप्प बसतो, पाहुण्याला बोलायचं कसं म्हणून. वाट कुठून आहे ते त्यालाच विचारा, पाणी किती चढलंय तेही तोच सांगेल. तो 'आज नको' म्हणाला तर आज नको. शनिवार-रविवार तर अजिबात नको. गाड्यांची रांग, गाण्यांचा दणका आणि दारूच्या बाटल्यांच्या काचा. प्रशासन अधूनमधून बंदी घालतं ते उगाच नाही.

— डलासची वहिनी


वहिनी, काका, बावडेकर, मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. मोठीला राऊतवाडी 'फारच सोपा' वाटतोय, धाकटा तांबडा पट्टा शोधायला निघालाय. बर्कीसाठी सप्टेंबरात मी एकटाच येईन म्हणतो, ऑफिसनं सोडलं तर.

काका, राधानगरीकडचा ओळखीचा चालक असेल तर आधी सांगून ठेवता का? मंगळवार किंवा बुधवार, ज्या दिवशी बंधाऱ्याचं पाणी उतरलेलं असेल त्या दिवशी.

— सॅन होजेकर जावई


सांगून ठेवतो. सकाळी सातला निघायचं, दुपारी दोनच्या आत परत. नाष्टा आमच्याकडं. मिसळ तिखट लागली तर मुलांना दही आहे.

— काका