मदत हवी आहे: सिगारेट सोडून ४७ दिवस झाले, पण आता मन डळमळतंय

नमस्कार मंडळी. १४ वर्षं रोज आठ-दहा सिगारेटी ओढत होतो. मुलीने एकदा "बाबा, वास येतो" म्हणत तोंड फिरवलं, त्या रात्री पाकीट कचऱ्यात टाकलं.

पहिला आठवडा फार जड गेला. झोप नाही, चिडचिड, डोकं जड. १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी नीट समजावलं. २ मिलिग्रॅमची निकोटिन गम घेतो. ती सतत चघळायची नसते, थोडी चावून गालात धरायची, आणि आधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, हेही तेव्हाच कळलं.

आता शरीराची तलफ बरीच कमी झालीय. त्रास होतो तो दुपारी चारला, ऑफिसखालच्या टपरीवर. कटिंग हातात आला की बोटं आपोआप खिशाकडे जातात. मित्र म्हणतात, "एकाने काय होतं?" २०२१ मध्ये त्या एकानेच माझे पाच महिने वाया गेले होते.

ज्यांनी वर्ष-दोन वर्षं टिकवलंय त्यांना विचारतो: सुरुवातीचा जोर ओसरल्यावर तुम्ही कशाच्या आधारावर राहिलात? टपरी, ते मित्र पूर्ण सोडले का? गम कधी, कशी कमी केली? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.