पहिली इलेक्ट्रिक गिटार: २१, २२ की २४ फ्रेट?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. सहा वर्षं अकूस्टिक वाजवतेय, आता इलेक्ट्रिक घ्यायचं नक्की केलंय. अॅम्पसकट बजेट ४० हजार, त्यापुढे जाता येणार नाही. गाडी तीन गिटारींवर येऊन अडलीय: स्क्वायर अॅफिनिटी स्ट्रॅट (२१ फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), यामाहा पॅसिफिका ११२ (२२) आणि आयबानेझची जीआरजी१७० (२४).

दुकानात सांगितलं, "२४ घ्या ताई, जास्त फ्रेट म्हणजे जास्त सूर, पुन्हा बदलायला नको." मला ते पटलंही होतं. मग घरी येऊन वाचलं की रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) २१ फ्रेटची होती, आणि तेव्हापासून झोप नाही.

वाजवणार काय, तर घरी ब्लूज आणि आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात भावगीतं, जुनी हिंदी गाणी. त्यांतले व्हायोलिनचे, बासरीचे मधले तुकडे मला गिटारवर काढायचे आहेत. बाबा पेटी वाजवतात, त्यामुळे घरात सगळं पट्टीच्या भाषेत चालतं. तसं समजावलंत तर लवकर डोक्यात शिरेल.

खर्जातला
मग पट्टीच्याच भाषेत सांगतो. पहिली तार मोकळी छेडली की पेटीची पांढरी तीन. तिलाच सा धरा. १२व्या फ्रेटवर वरचा सा. २१व्यावर त्या सप्तकातला शुद्ध धैवत, २२व्यावर कोमल निषाद, २३व्यावर शुद्ध निषाद, आणि २४व्यावर दुसरं सप्तक पुरं होऊन त्याच्याही वरचा सा. म्हणजे सगळं भांडण तीन सुरांचं आहे, तेही एकट्या पहिल्या तारेवर. बाकीच्या तारांवर इतक्या वर जे सूर मिळतात ते शेजारच्या बारीक तारेवर खालच्या फ्रेटला मिळतातच.

आता मींड धरा. २२वरचा कोमल नी एक पूर्ण सूर ओढला की सा हाती लागतो. २१वरच्या धैवतावरून तोच सा गाठायचा तर दीड सूर ओढावा लागतो. ओढला जातो, पण नेमका सुरावर थांबवणं फार अवघड. माझ्या मते २१ आणि २२मधला खरा फरक एवढाच.

एक काम करा. तुमच्या ऑर्केस्ट्रातली गाणी एका वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे त्या तुकड्यातला सगळ्यात वरचा सूर कोणता ते मांडा. गिटार त्या वहीला विचारून घ्या.

ड्रॉप_डी
मी २४च्या बाजूने. पुण्यात हेवी मेटल वाजवतो, दहा वर्षं २४वरच आहे. दोन पूर्ण सप्तकं एका तारेवर असली की डोक्यातला नकाशा सोपा होतो. १२च्या वर जे काही आहे ते शून्यापासूनच्या फ्रेटची हुबेहूब पुनरावृत्ती, मध्येच तुटत नाही. दोन हातांनी टॅपिंग करताना, म्हणजे तारेवर बोटं आपटून वाजवताना, तर शेवटचे दोन फ्रेट सतत लागतात. शिवाय या गिटारींची मान सपाट आणि पातळ असते, बेंड करताना, म्हणजे तार ओढताना, ती अडकत नाही. ज्याला असं वाजवायचंय त्याने २२ घेऊन मन मारू नये.

फक्त एक, तिथे जागा कमी असते हे खरं. साडेपंचवीस इंची स्केलवर (कंप पावणाऱ्या तारेची लांबी) २३ आणि २४मधलं अंतर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. बोटं एकमेकांवर चढतात.

तारजोड
ठाण्यात गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

फ्रेट मोजताना सगळे वरच्या सुरांबद्दल बोलतात. माझ्या मते बघायची गोष्ट दुसरीच आहे: नेक पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा मानेजवळचा चुंबक, कुठे बसलाय. साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर. २४वा फ्रेट तारेच्या बरोबर पाऊण लांबीवर येतो, म्हणजे ब्रिजपासून (धडावर तार टेकते तिथून) १६२ मिलिमीटरवर. स्ट्रॅटचा नेक पिकअप जवळपास त्याच जागी असतो. तुम्ही तिथे २४वा फ्रेट ठोकलात तर पिकअपला सरकावंच लागतं, किमान दीड-दोन सेंटिमीटर ब्रिजकडे. ब्रिजच्या जितकं जवळ जाल तितकी तार कमी हलते, मूळ सूर पातळ होतो आणि त्यावरचे बारीक स्वर पुढे येतात. ब्लूजमध्ये नेक पिकअपवर जो गोल, घशातून आल्यासारखा आवाज आपल्याला हवा असतो, तो तिथे थोडा चिरका होतो. बासरीचे तुकडे वाजवायचे म्हणताय, तर तुम्हाला हा आवाज रोज लागणार.

काही जण सांगतात की पाऊण लांबीवर पिकअपसाठी जादूची जागा आहे. ते मोकळ्या तारेपुरतं. तुम्ही पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलंत की तारेची लांबी बदलली, ती जागाही सरकली. पिकअप ब्रिजपासून किती दूर आहे, हे मात्र कुठलाही फ्रेट दाबला तरी तेवढंच राहतं, आणि कानाला फरक जाणवतो तो त्याचाच. जीआरजीला नेकवर हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे, तो मुळात जाड बोलतो, त्यामुळे तिथे हा तोटा थोडा भरून निघतो. पण स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल पिकअपचा मोकळेपणा त्यातून येत नाही.

आता २१ आणि २२चं. १९५४च्या स्ट्रॅटला २१ फ्रेट होते. फेंडरच्याच १९८७च्या अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटला २२ आले. तो २२वा त्यांनी कसा बसवला बघा: मानेचा टाचेकडचा (धडाला जोडलेला) भाग आहे तसाच ठेवला, फक्त वरची फ्रेटबोर्डची पट्टी धडावरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर (पिकगार्डवर) थोडी पुढे काढली. पिकअप जागचा हलला नाही. म्हणून २२वा फ्रेट आवाजाचं काही घेत नाही. २३ आणि २४ घेतात. गिब्सनची लेस पॉल तर १९५२पासून २२वरच आहे. पीआरएस या अमेरिकन कंपनीने १९८५मध्ये २४ फ्रेटने सुरुवात केली, पण पुढे त्याच घडणीची २२ची गिटारही काढलीच.

रियाज_रात्री
तारजोड यांना अनुमोदन. भर एवढीच की शेवटच्या फ्रेटपर्यंत हात पोचतो का ते दुकानात बघाच. आकडा काहीही असो, मानेची टाच जाड असली तर अंगठा मागून सुटतो, मनगट वाकडं होतं आणि विसावा फ्रेटसुद्धा परका वाटतो. उभं राहून, पट्टा लावून बघा. बसून सगळंच सोपं वाटतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली. एकोणतीस गाणी निघाली. माझे बहुतेक तुकडे १५व्या फ्रेटच्या आतच संपतात. सहा गाण्यांत १७ ते १९. फक्त एका व्हायोलिनच्या तुकड्यात २२वा लागतो, आणि तो सूर तिथे न थांबता वरच्या सा पर्यंत मींडेने जातो. खर्जातला, तुम्ही म्हणालात तेच!

शनिवारी दुकानात जाऊन तिन्ही एकाच अॅम्पवर, एकाच आवाजात, फक्त नेक पिकअपवर वाजवल्या. सोबत स्टीलची पट्टी नेली होती. जीआरजीचा पिकअप खरंच ब्रिजकडे सरकलेला आहे. डोळे मिटून बाबांना ऐकवलं. त्यांना गिटारीतलं काही कळत नाही, पण आयबानेझ वाजवली की दोन्ही वेळा म्हणाले, "ही जरा नाकात बोलते." स्क्वायर आणि पॅसिफिका दोन्ही आवडल्या. उभं राहून २२वर हात नेला, ओढला, सा लागला. तिसऱ्या प्रयत्नात, पण लागला.

पॅसिफिका घेतली. ड्रॉप_डी, तुमचं म्हणणंही कळलं, मला टॅपिंग करायचं असतं तर निवड वेगळी झाली असती.

एक शेवटचं. अकूस्टिकवर १२च्या तारा होत्या (पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). हिच्यावर ९च्या आहेत, हाताखाली धागा असल्यासारख्या वाटतात, आणि वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतोय. गिटार बिघडलेली तर नाही ना?

तारजोड
अभिनंदन ताई! बिघाड नसावा. अकूस्टिकच्या सवयीने तुम्ही तार जरुरीपेक्षा जोरात दाबताय. बारीक तार फ्रेटवरून खाली लाकडाकडे गेली की ताण वाढतो नि सूर चढतो. महिनाभर ९वरच ठेवा, बोट हलकं करा. फ्रेटच्या अगदी मागे, सूर जेमतेम स्वच्छ निघेल एवढंच दाबायचं. तरी जमलं नाही तर १० लावा, पण मग मागच्या स्प्रिंगांचा ताण, ट्रस रॉड (मानेच्या आतली दांडी) आणि ब्रिजवरच्या सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) तिन्ही जुळवून घ्यावं लागेल, नुसत्या तारा बदलून भागणार नाही.

तपासायचं असेल तर ट्यूनर लावून १२व्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून हार्मोनिक (घंटेसारखा बारीक सूर) काढा, मग तिथेच हलकं दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले तर गिटार ठीक आहे. आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला टोचायला लागतात. एप्रिलमध्ये मानेच्या कडेवरून बोट फिरवून बघा. टोचलं तर स्वतः कानस फिरवू नका, एखाद्या कारागिराकडे घेऊन जा.

खर्जातला
तो व्हायोलिनचा तुकडा बसला की रेकॉर्ड करून इथेच टाका. मींड ऐकायचीय.