काटकसर करतोय, पण वाचलेले पैसे जातात कुठे? (गृहकर्ज लवकर फेडायचंय, मदत हवी आहे)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच.

आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी चौथीत आहे. गृहकर्ज 20 वर्षांचं, व्याजदर 8 टक्के, आजवर बदललेला नाही. हप्ता एकदाही चुकवलेला नाही. मागच्या वर्षी, 5 वर्षं पूर्ण झाली म्हणून सहज स्टेटमेंट उघडलं आणि पोटात गोळाच आला. 60 हप्ते भरून मुद्दलाच्या दर 100 मागे फक्त साडेबारा फिटले होते! बाकीचं सगळं व्याजात गेलेलं. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की काटकसर करायची आणि कर्ज मुदतीआधी संपवायचं.

तेव्हापासून दोघांचे डबे घरून जातात. बाहेरचं खाणं महिन्यातून एकदा. न बघितले जाणारे दोन ओटीटी बंद केले. किराणा यादी करूनच आणायचा, आणि मी पोटभर जेवून दुकानात जाते (हसू नका, भुकेल्या पोटी गेलं की पिशवी दुप्पट भरते). मुलीला पुस्तकं वाचनालयातून. मिक्सर बिघडला तेव्हा नवीन न घेता दुरुस्त करून आणला.

नवरा मात्र विजेच्या मागे हात धुऊन लागलाय. मी खोलीतून बाहेर पडले की मागून दिवा बंद. परवा मी अजून खोलीतच होते.

आता खरी अडचण. एवढं सगळं करून वर्षभरात आम्ही जास्तीचे किती भरले? एका हप्त्याएवढेसुद्धा नाहीत. सहा महिन्यांपूर्वी एकदाच छोटंसं पार्ट पेमेंट केलं, तेवढंच. वहीत खर्च कमी झालेला स्पष्ट दिसतो, पण महिनाअखेर खात्यात शिल्लक पूर्वीइतकीच. बरं, चैन केली म्हणावं तर तीही नाही.

शिवाय आमच्यात एक वाद आहे. नवरा म्हणतो, मुदत ठेव मोडून सगळी कर्जात टाकू. मला धीर होत नाही. कोणाचं बरोबर?

आकडेमोड:
ताई, घाबरू नका, तुमच्या कर्जात काही काळंबेरं नाही. या दराच्या 20 वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातला जवळजवळ 80 टक्के भाग व्याजाचा असतो. अर्धं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात, पुढे मग भराभर उतरतं.

पण म्हणूनच आत्ता भरलेल्या पैशाला जोर आहे. 6 वर्षं झाली असताना एक जास्तीचा हप्ता भरलात, तर शेवटचे तीन हप्ते खोडले जातात. तोच हप्ता 12 वर्षांनंतर भरलात तर पुरते दोनही नाहीत. सुरुवातीपासून दर वर्षी एक हप्ता जास्तीचा गेला असता तर 20 वर्षांचं कर्ज पावणेसतरा वर्षांच्या आसपास संपलं असतं. तुमची सुरुवात उशिरा, तरी खूप काही हातात आहे.

एक सांगा, पार्ट पेमेंट केल्यावर मुदत कमी झाली की हप्ता?

जुनी_खोड:
वहीत वाचलेला पैसा हा वाचलेला पैसा नव्हे. माझंही तीन वर्षं हेच चाललं होतं. पगार आणि घरखर्च एकाच खात्यात, त्यामुळे डब्यात वाचलेले पैसे सेलमध्ये "स्वस्त मिळालं" म्हणून जायचे. मग मी उलटं केलं. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात, त्या खात्याचं कार्ड घरात नाही. उरलेल्यात महिना काढायचा. दर तिमाहीला ते खातं रिकामं करून कर्जात.

ठेवीबद्दल मी तुमच्या बाजूने. सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एवढं बाजूला ठेवा, त्यावरचं खुशाल कर्जात टाका. नोकरी गेली तर कर्जात टाकलेला पैसा परत मागता येत नाही. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, तिचा दर कितीतरी जास्त असतो. मुदतीआधी पैसे भरण्यावर शुल्क आहे का, तेही करारात बघून घ्या.

दातांचं दुखणं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून काटकसरीत ढकलू नका. मी ढकललं. साध्या भरावावर भागलं असतं तिथे रूट कॅनाल झालं.

आकडेमोड:
आणि दिव्यांचं राहिलंच. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की 1 युनिट जातं. तेवढ्याच विजेवर 9 वॉटचा एलईडी दिवा 111 तास जळतो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असं चाललंय तुमच्याकडे. तापवणारी आणि गार करणारी यंत्रं आधी बघा.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. काल रात्री सगळे कागद काढून बसलो होतो.

आकडेमोड, तुमचा प्रश्न वर्मी बसला. मुदत आहे तेवढीच आहे, हप्ता कमी केलाय! मेसेज आला होता, मी वाचलाही होता, आणि "बरं झालं, थोडा भार हलका झाला" म्हणून खूशही झाले होते. म्हणजे दर महिन्याचा तो फरक आम्ही खाऊन टाकला. आता हप्ता पूर्वीचाच ठेवून मुदत कमी करा असा अर्ज देणार आहे.

जास्तीचं सामानही मोजलं. सेलमध्ये घेतलेले साबण आणि भांड्यांचे लिक्विड वर्षभर पुरतील इतके निघाले, कपाटात जागा नाही म्हणून पलंगाखाली. ती खरेदी माझी, कबूल. नवऱ्याचे हेडफोन दोन, तेही कबूल करून घेतले.

कार्डाची थकबाकी नाही. ठेवीतली सहा महिन्यांची रक्कम बाजूला ठेवली तर वर फारसं काही उरत नाही, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला. वेगळं खातं उघडतोय. सध्या दरमहा हप्त्याच्या दहाव्या भागाइतकी रक्कम तिकडे वळवू, तीन महिने जमलं तर वाढवू.

गीझरचं गणित मात्र घरात वाचून दाखवलं आणि नवीनच भांडण सुरू झालं. दिवे बंद करत हिंडणारा माणूस सकाळी पंचवीस मिनिटं गरम पाण्याखाली उभा असतो. म्हणतो, दिवसातला तेवढाच वेळ माझा आहे. यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.